सदतीस दिवसांचा पंतप्रधान

कचेरीत गेली बावीस वर्षं जे शब्द मी उठता-बसता वापरते, त्यांतले निम्मे तरी फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेले आहेत. कारकून, दफ्तर, शिक्का, हजेरी, अर्ज, फर्मान... यादी करायला बसले तर वही भरेल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी पुढे मराठी राज्याचा मुख्य प्रधान ओळखला गेला तो ‘पेशवा’ याच फारसी नावानं. यांतला एक शब्द मला बरेच दिवस छळतो आहे. राजीनामा! म्हणजे राजी असल्याचं पत्र. खुर्ची सोडताना माणूस नुसता उठून जात नाही, आपण राजी आहोत असं लिहून देतो.

एका माणसानं ते लिहून दिलं नाही. मागणाऱ्याच्या पाठीशी लाखो लोक रस्त्यावर उभे होते, याच्या पाठीशी जवळजवळ कुणीच नव्हतं. बारा वर्षांनी त्याला पॅरिसजवळच्या राहत्या घरात सुरीनं भोसकून मारलं. शापूर बख्तियार त्यांचं नाव. इराणच्या शाहचे शेवटचे पंतप्रधान.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते १९९१ च्या ऑगस्टमध्ये. शाळेत होते. आमच्या वाड्यावर एक आजोबा राहायचे, सगळे त्यांना आबादानकार म्हणायचे. पोर्तुगीज राजवटीत पोटापाण्यासाठी जी गोंयकार मंडळी मुंबई, आफ्रिका, इराणच्या आखाताकडे गेली, त्यांतले हे एक. इराणातल्या आबादानला इंग्रजांच्या तेल कंपनीची प्रचंड रिफायनरी होती, तिथं ते हिशेबनीस होते. १९५१ साली इराणनं तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, इंग्रज गेले आणि हेही ट्रंक उचलून परत आले. पावसाळी संध्याकाळी आमच्या सोप्यावर बसून ते वर्तमानपत्र वाचत होते. एका बातमीवर थांबले, चष्मा काढला आणि बाबांना म्हणाले, “मास्तर, बख्तियारला मारला रे.” जणू शेजारच्या गावचा कुणी गेला! बाबांनी विचारलं, “तो शाहचा माणूस ना?” आजोबा काही बोलले नाहीत. पेपर घडी करून ठेवला आणि छत्री घेऊन घरी गेले.

‘शाहचा माणूस’ हेच वर्णन मग माझ्याही डोक्यात बसलं. कॉलेजात इतिहासाच्या पेपरात इराणी क्रांतीवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं, त्यात या माणसाला अर्धी ओळ दिली होती. शाहनं जाता जाता एक कळसूत्री पंतप्रधान नेमला, तो महिनाभर टिकला. झालं. ती अर्धी ओळ चुकीची होती, असं आज माझं मत आहे. पण सरळ ‘तो थोर होता’ असंही मला म्हणायचं नाही. जरा सविस्तर सांगते.

इराणात प्रधानकी हा जिवावरचाच धंदा होता. आधुनिक इराणचा पाया घालू पाहणारा अमीर कबीर १८५२ साली राजाच्या हुकमानं काशानजवळच्या फिन बागेतल्या हमामात मारला गेला. अमीन-उस-सुलतान १९०७ साली गोळीला बळी पडला. जनरल रझमारा १९५१ साली मशिदीत, हसन अली मन्सूर १९६५ साली संसदेच्या दारात. क्रांतीनंतर माजी पंतप्रधान होवैदाला १९७९ मध्ये गोळ्या घातल्या, तर क्रांतीचाच पंतप्रधान बाहोनर १९८१ मध्ये बॉम्बस्फोटात गेला. राजा असो, मुल्ला असो, खुर्चीवरच्या माणसाची गत बदललेली दिसत नाही. बख्तियार या माळेतलेच एक मणी, फक्त खुर्ची गेल्यावर बारा वर्षांनी ओवलेले.

त्यांचा जन्म १९१४ चा, नैऋत्य इराणातल्या बख्तियारी टोळीच्या सरदार घराण्यातला. आईचे वडील दोनदा इराणचे पंतप्रधान झालेले. आई लहानपणीच गेली. शिक्षण शहरेकोर्द, इस्फाहान, मग बैरूतच्या फ्रेंच शाळेत आणि पुढे पॅरिसला. पॅरिसमध्ये असतानाच, १९३४ साली, घरून बातमी आली: वडिलांना रेझा शाहनं देहदंड दिला. टोळ्यांच्या सरदारांचा कणा मोडण्याचं रेझा शाहचं धोरण होतं, त्यात हे गेले. मुलगा वीस वर्षांचा. वाचकहो, हा रेझा शाह म्हणजे शेवटच्या शाहचा बाप. पंचेचाळीस वर्षांनी बख्तियारांनी पंतप्रधानपद स्वीकारलं ते आपल्या बापाला मारणाऱ्याच्या मुलाकडून. ‘शाहचा माणूस’ म्हणताना निदान एवढं तरी ठाऊक असावं!

तो काळ युरोपात फॅसिझमचा. बख्तियार नुसते ग्रंथालयात बसले नाहीत. स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध प्रजासत्ताकाच्या बाजूला उभे राहिले, १९४० मध्ये फ्रेंच सैन्यात दाखल झाले, नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये भूमिगत प्रतिकाराला मदत केली. मधूनमधून कायदा, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान शिकत राहिले आणि १९४५ साली डॉक्टरेट घेतली. दुसऱ्याच वर्षी मायदेशी परत.

आणि मायदेशी येऊन या सरदारपुत्रानं काय धरलं? सरकारी नोकरी! मला यांची गोष्ट आपली वाटू लागली ती इथून. कामगार खात्यात आधी इस्फाहानला, मग खुझेस्तान प्रांतात अधिकारी म्हणून ते होते. खुझेस्तान म्हणजे तेलाचा प्रांत, आबादान त्यातच. आमचे आबादानकार आजोबा तिथं कंपनीचे हिशेब लिहीत होते, तेव्हाच हे त्याच प्रांतात कामगारांचे तंटे ऐकत होते. एकाच साहेबाच्या तेलाचा वास दोघांच्या कपड्यांना. आजोबा त्या संध्याकाळी गप्प का झाले, याचा थोडा उलगडा मला असा फार उशिरा झाला.

१९५१ मध्ये डॉ. मोहम्मद मोसद्देक पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारात बख्तियार कामगार खात्याचे उपमंत्री होते. १९ ऑगस्ट १९५३ रोजी इंग्लंड-अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांच्या मदतीनं मोसद्देकांचं सरकार उलथवलं गेलं, शाह पुन्हा बळकट झाला. पुढची पंचवीस वर्षं बख्तियार विरोधात होते. अनेकदा अटक झाली, तुरुंगात काही वर्षं गेली. गंमत, खरं तर विटंबना, अशी की शाहच्या ‘सावाक’ या गुप्त पोलीस दलाचा पहिला प्रमुख तैमूर बख्तियार हा यांचा चुलत घराण्यातला. शाहची दुसरी राणी सुरैयाही बख्तियारी टोळीतलीच. नात्यागोत्याची शिडी लावून वर चढायचं असतं तर अडवणारं कुणी नव्हतं. यांनी शिडी लावली नाही.

१९७७ च्या जूनमध्ये तिघांनी शाहला उघडं पत्र लिहिलं. करीम संजाबी, शापूर बख्तियार आणि दारयूश फोरूहर. तिघंही मोसद्देकांच्या राष्ट्रीय आघाडीचे. मागणी एवढीच की संविधान पाळा: एकाधिकारशाही सोडा, राजकीय कैदी सोडा, निवडणुका खऱ्या घ्या. या तीन सह्या लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागतील.

शाहनं ऐकलं नाही. १९७८ उजाडलं आणि देश पेटला. ऑगस्टमध्ये आबादानच्या रेक्स सिनेमागृहाला आग लावली गेली, चारशेच्या आसपास माणसं आत जळून गेली. सप्टेंबरात तेहरानच्या झाले चौकात लष्करानं गोळीबार केला. नोव्हेंबरमध्ये शाहनं लष्करी सरकार आणून पाहिलं, तेही चाललं नाही. तेव्हा कुठं त्याला मोसद्देकांची माणसं आठवली! संजाबींनी तोपर्यंत पॅरिसला जाऊन आयातुल्ला खोमेनींशी हातमिळवणी केली होती. डॉ. सदीगी तयार होते, पण त्यांची अट होती की शाहनं देश सोडू नये. बख्तियारांची अट नेमकी उलटी: शाहनं काही काळ देशाबाहेर जावं. शाह आता थकला होता, आतून कर्करोगानं पोखरला होता. त्यानं अट मान्य केली.

३० डिसेंबर १९७८ ला राष्ट्रीय आघाडीनं बख्तियारांना काढून टाकलं. ज्या संघटनेसाठी तुरुंगात गेले, तिनंच दार लावलं. आपल्याकडच्या घरच्या भांडणांत होतं तसंच. परक्याशी एकवेळ बोलणं राहतं, घरच्याशी नाही.

जानेवारीत त्यांनी मंत्रिमंडळ बनवलं आणि ११ फेब्रुवारीला सगळं संपलं. सदतीस दिवस. या दिवसांत काय झालं ते पाहा. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली, दोन महिने संपावर असलेली मोठी दैनिकं ६ जानेवारीला पुन्हा निघाली. राजकीय कैदी सुटू लागले. सावाक बरखास्त करण्याचं विधेयक संसदेत आणलं. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला तेल देणार नाही असं जाहीर केलं. मोकळ्या निवडणुकांचं वचन दिलं. १६ जानेवारीला मजलिसनं विश्वासमत दिलं आणि त्याच दिवशी शाह विमानात बसला. ‘इत्तलाआत’ दैनिकानं पानभर अक्षरांत दोनच शब्द छापले: शाह रफ्त. शाह गेला. हे असं छापता आलं, ते ज्याच्या सरकारात छापता आलं त्याला त्या दिवशी कुणी मुबारक म्हटलं नाही.

पंचवीस वर्षं लोक जे मागत होते त्यातलं जवळजवळ सगळं या माणसानं सदतीस दिवसांत टेबलावर ठेवलं. लोकांनी ते घेतलं आणि देणाऱ्याला घालवलं. का?

पहिला आक्षेप घेतला जातो तो उशिराचा. सगळं मान्य, पण फार उशीर झाला होता, असं म्हणतात. खरं आहे. पण उशीर कुणाचा? १९५३ पासून विरोधात बसलेल्याचा, की १९७७ चं पत्र केराच्या टोपलीत टाकणाऱ्या शाहचा? रोगी शेवटच्या घटकेला आणायचा आणि वाचला नाही म्हणून डॉक्टरला बडवायचं, हा न्याय मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यांच्या हातात कायदा होता, पण त्या कायद्यात जीव नव्हता. ज्या मजलिसनं विश्वासमत दिलं ती १९७५ साली शाहच्या एकमेव रस्ताखीझ पक्षाच्या यादीतून निवडलेली. ज्या रीजन्सी कौन्सिलनं राजाच्या जागी कारभार पाहायचा, तिचा अध्यक्ष सय्यद जलाल तेहरानी पॅरिसला गेला आणि खोमेनींच्या पायाशी राजीनामा ठेवून मोकळा झाला. उरलं लष्कर, त्याचे सेनापती वाऱ्याची दिशा पाहत बसलेले. कागद बरोबर होता, पण ज्या मुद्रेनं तो पक्का व्हायचा ती मुद्राच लोकांनी नाकारली होती. बावीस वर्षं कागद हाताळल्यावर मी हे सांगू शकते की निव्वळ बरोबर असलेला कागद फार काळ टिकत नाही. त्यामागे माणसं लागतात. बख्तियारांनी माणसं जमवली नाहीत. त्यांच्याकडे पक्ष नव्हता, मशिदींसारखं गल्लीगल्लीत पोचलेलं जाळं नव्हतं. त्यांचा भरवसा होता की लोकांना स्वातंत्र्य दिलं की लोक विचार करतील. तेवढा वेळ मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी काय झालं असतं हे कुणी सांगावं?

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसले तो. जानेवारी १९७९ मध्ये बख्तियारांचे मंत्री आपापल्या खात्यांत कामावर गेले, तेव्हा कित्येक ठिकाणी तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. संप होता. कारकून, शिपाई, टंकलेखक, अधिकारी फाटकाशी उभे राहिले. मंत्री परत गेले. या प्रसंगाबद्दल प्रथम वाचलं तेव्हा मला आतून आनंद झाला, हे कबूल करते. आयुष्यभर साहेबांच्या सह्यांसाठी दाराबाहेर तिष्ठत बसलेली आमची जात. मंत्र्याला फाटकावर थांबवायचं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं! मी तिथं असते तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर मीही फाटकावरच असते. शाहचा राग होता, गोळीबारात मेलेल्यांचं दुःख होतं, आणि सगळे शेजारी जिथं उभे आहेत तिथं उभं राहणं सोपं असतं.

पण त्या फाटकावरच्या बायकांचं पुढं काय झालं?

११ फेब्रुवारीला लष्करानं तटस्थता जाहीर केली, क्रांती झाली. ७ मार्चला, म्हणजे महिनाही झाला नव्हता तेव्हा, खोमेनींनी सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनी हिजाब घालावा. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, जागतिक महिला दिनी तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. त्या वेळी माघार घेतल्यासारखं झालं, पण १९८० च्या उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांत सक्ती आलीच. शुद्धीकरणाच्या नावाखाली हजारो सरकारी नोकरांना काढलं. ‘आयंदेगान’ हे दैनिक ऑगस्ट १९७९ मध्ये बंद पाडलं. म्हणजे जानेवारीत ज्या फाटकावरून मंत्र्याला परत पाठवलं, दीड वर्षानं त्याच फाटकावर कारकून बाईच्या डोक्यावरचा पदर तपासायला माणूस उभा. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची मुलगी हिजाबच्याच कारणावरून पकडली गेली, कोठडीत तिला मरण आलं आणि इराणच्या बायका पुन्हा रस्त्यावर आल्या, तेव्हा मला ते १९७९ चं फाटक आठवत होतं.

लष्करशाहीपेक्षा धर्माच्या नावानं आलेली हुकूमशाही वाईट ठरेल, हे बख्तियार त्या सदतीस दिवसांत कंठशोष करून सांगत होते. देशातले प्राध्यापक, कवी, डावे, उदारमतवादी त्यांना हसत होते. त्यांना वाटत होतं, मुल्ला काय, शाहला घालवतील आणि मशिदीत परत जातील, राज्य मग आपण करू! मार्च १९७९ च्या शेवटी सार्वमत झालं. प्रश्न एकच, इस्लामी प्रजासत्ताक हवं की नको. हवं म्हणणारे अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर निघाले. घटनेचा मसुदा लोकांनी अजून पाहिलेलाही नव्हता. आमच्या कचेरीत साधा टेबलफॅन घ्यायचा तरी तीन दरपत्रकं लागतात...

खोमेनी परतण्याआधी, जानेवारीच्या शेवटी, बख्तियारांनी पॅरिसला जाऊन त्यांना भेटायची तयारी दाखवली. निरोप आला: आधी राजीनामा, मग भेट. बख्तियार म्हणाले नाही. विमानतळ काही दिवस बंद ठेवला, मग उघडावाच लागला. १ फेब्रुवारीला खोमेनी उतरले, ५ तारखेला त्यांनी मेहदी बाजरगान यांना आपला पंतप्रधान नेमलं. सहा दिवस देशाला दोन पंतप्रधान होते. ११ तारखेला बख्तियार कचेरीतून बाहेर पडले, काही महिने तेहरानमध्येच दडून राहिले आणि त्याच वर्षी पॅरिसला पोचले.

आता त्यांच्याविरुद्ध बोलायचं ते बोलते, नाहीतर हा लेख म्हणजे आरती होईल. कायद्याचा माणूस म्हणून ज्याची ओळख, त्यानं परदेशात गेल्यावर १९८० च्या जुलैमध्ये लष्करी अधिकाऱ्यांकरवी उठावाचा बेत केला. नोजे तळाचा तो कट फसला आणि कितीतरी तरुण अधिकारी फासावर किंवा गोळ्यांना गेले. त्याहून वाईट म्हणजे बगदादशी, सद्दाम हुसेनच्या राजवटीशी, त्यांनी संधान बांधलं. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दामनं इराणवर चढाई केली आणि पहिला मार बसला तो खुझेस्तानला. आबादानला वेढा पडला, रिफायनरी जळाली. ज्या प्रांतात कामगारांच्या तक्रारी ऐकल्या तोच प्रांत. शत्रूच्या मदतीनं घरी परतायचं स्वप्न पाहणाऱ्याला घरचे लोक क्षमा करत नाहीत, आणि इराणी लोकांनी केली नाही. हा डाग पुसता येत नाही. मला वाटतं, फाटकावरून परत पाठवलेल्या माणसाला कायद्याच्या वाटेवर पुन्हा विश्वास ठेवणं जड गेलं असेल. पण हे कारण झालं, समर्थन नव्हे.

१८ जुलै १९८० ला पॅरिसच्या नॉयी उपनगरात त्यांच्या घरावर पहिला हल्ला झाला. म्होरक्या अनिस नक्काश नावाचा लेबनानी. बख्तियार वाचले, एक पोलीस आणि एक शेजारीण हकनाक मेली, दुसरा पोलीस जन्माचा अपंग झाला. नक्काशला जन्मठेप झाली. दहा वर्षांनी, जुलै १९९० मध्ये, राष्ट्राध्यक्ष मितराँनी त्याला माफी दिली आणि विमानानं तेहरानला पाठवला. फ्रान्सला इराणशी संबंध सुधारायचे होते. एप्रिल १९९१ मध्ये बख्तियारांचे जवळचे सहकारी अब्दुर्रहमान बोरूमंद पॅरिसमध्येच भोसकले गेले.

६ ऑगस्ट १९९१. सुरेन उपनगरातलं घर, दारात फ्रेंच पोलिसांचा पहारा. तिघे जण भेटायला आले. त्यांतला फरीदून बोयर अहमदी हा घरात नेहमी येणारा, विश्वासातला. बाकीचे दोघे त्याचे पाहुणे, मोहम्मद आझादी आणि अली वकिली राद. तिघे आत गेले. काही वेळानं शांतपणे बाहेर आले, पोलिसांसमोरून निघून गेले. आत सत्त्याहत्तर वर्षांचे बख्तियार आणि त्यांचे सचिव सोरूश कतिबे मरून पडले होते. हत्यार होतं घरातलीच स्वयंपाकाची सुरी. पहारा दारात तसाच चालू होता, आणि प्रेतं सापडायला दीड दिवस लागला! मराठी माणसाला इथं शनिवारवाडा आठवतो. नारायणराव पेशव्याला १७७३ साली गारद्यांनी मारलं ते पहारा नव्हता म्हणून नव्हे. आतल्याच माणसांनी वाट करून दिली म्हणून.

वकिली राद स्वित्झर्लंडमध्ये सापडला. बाकीचे दोघे हाती लागलेच नाहीत. डिसेंबर १९९४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. मे २०१० मध्ये तो पॅरोलवर सुटला आणि तेहरानला रवाना झाला. त्याच्या दोनच दिवस आधी इराणनं अडकवून ठेवलेली क्लोतिल्द रेस ही फ्रेंच तरुणी पॅरिसला परतली होती. फ्रान्सच्या सरकारनं सौदा झाल्याचं नाकारलं. तेहरानला विमानतळावर वकिली रादचं फुलं देऊन स्वागत झालं. नियमानं पाहिलं तर त्याची किमान मुदत भरली होती, फाईल निर्दोष होती. पण निर्दोष फाईल कशी तयार करतात हे आम्हा कारकुनांना कुणी शिकवायला नको.

ज्या फ्रान्ससाठी तरुणपणी बंदूक धरली, त्या फ्रान्सनं एकदा खुनी माफ केला, एकदा दारात पहारा देऊनही खुनी ओळखला नाही आणि एकदा खुनी सोडला. यात द्वेष कुठंच नव्हता. होता तो व्यवहार. बख्तियार आता कुणाच्या उपयोगाचे नव्हते, एवढाच त्यांचा अपराध.

आता त्या तीन सह्या. करीम संजाबी क्रांतीच्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले, दोन महिन्यांत राजीनामा दिला, पुढं देश सोडावा लागला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत वारले. दारयूश फोरूहर कामगारमंत्री झाले, मग बाहेर पडले, तेहरानमध्येच राहून निर्भयपणे बोलत राहिले. २२ नोव्हेंबर १९९८ ला त्यांना आणि पत्नी परवाना यांना राहत्या घरात भोसकून मारलं. हे काम आपल्याच काही माणसांचं असल्याचं इराणच्या गुप्तचर मंत्रालयाला पुढच्या जानेवारीत कबूल करावं लागलं. म्हणजे एका कागदावरच्या तिघांपैकी एक परदेशात गेला आणि दोघं सुरीनं. ज्यांनी बख्तियारांना ‘तडजोडवादी’ म्हणून काढलं, त्यांच्या तडजोडीनंही त्यांना वाचवलं नाही.

म्हणून माझं मत असं. बख्तियार यशस्वी पंतप्रधान नव्हते, परदेशातले त्यांचे काही निर्णय तर घातकच होते. पण जानेवारी १९७९ मध्ये राजाही नको आणि धर्मगुरूंचं राज्यही नको, हे एका दमात आणि अधिकाराच्या जागेवरून म्हणणारा माणूस तो एकटा होता, आणि ते म्हणणं बरोबर होतं. बहुसंख्य त्याच्या विरुद्ध होते, एवढ्यानं ते चूक ठरत नाही. आपल्याकडेही लाटा येतात. लाटेच्या वेळी मधल्या माणसाला दोन्हीकडून लाथा बसतात, आणि त्याच्याकडे कागद तेवढा असतो म्हणून आपण त्याला हसतो. हसण्याआधी तो कागद एकदा वाचून पाहावा, इतकंच.

आबादानकार आजोबा त्याच वर्षी दिवाळीआधी गेले. त्यांच्या ट्रंकेत कंपनीचं सर्टिफिकेट आणि फारसी अक्षरांचं एक जुनं कॅलेंडर निघालं. बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं, ते द्यायला मला इतकी वर्षं लागली. बाबा आज नाहीत. असते तर सोप्यावर बसून म्हटलं असतं, “नाही हो बाबा, शाहचा नव्हता. कुणाचाच नव्हता, तेच नडलं त्याला.”